रायट ॲक्ट 'वाचायचा' असतो, झाडायचा नसतो

प्रश्न असा आहे: 'रीड द रायट ॲक्ट', 'ले डाउन द लॉ' आणि 'पुट युअर फूट डाउन' हे तिन्ही इंग्रजी वाक्प्रचार अधिकार गाजवण्याचे, मग तिन्हींना मराठीत 'दम देणे' चालेल का?

नाही चालणार. पहिल्याला तर मुळीच नाही. 'मंत्र्यांनी अधिकाऱ्यांना रायट ॲक्ट वाचून दाखवला' असं वाक्य हल्ली सारखं कानावर पडतं, आणि तपशील ऐकावा तर मंत्री नुसते ओरडलेले असतात. काय करायचं, कधीपर्यंत, नाही केलं तर काय होईल, यातलं काहीच नाही. याला खरडपट्टी म्हणतात. कानउघाडणी, बिनपाण्याची हजामत, हवा तो शब्द घ्या, घरात भरपूर आहेत. त्यासाठी लंडनहून कायदा मागवायची गरज नव्हती.

कायदा म्हणतोय तो खरोखरीचा कायदा म्हणून. पहिला जॉर्ज १७१४ मध्ये गादीवर आला तेव्हा इंग्लंडमध्ये गावोगाव दंगे उसळले. ते मोडण्यासाठी पार्लमेंटने रायट ॲक्ट, म्हणजे दंगलविरोधी कायदा, केला आणि १ ऑगस्ट १७१५ पासून तो लागू झाला. बारा किंवा अधिक माणसं बेकायदा जमून शांतता बिघडवत असतील, तर मॅजिस्ट्रेट, शेरिफ, मेयर यांच्यापैकी कुणीतरी जमावात शिरायचं, निदान सुरक्षितपणे जाता येईल तितकं जवळ जायचं, मोठ्याने 'शांत राहा' म्हणायचं आणि मग कायद्यातच छापलेला मजकूर खड्या आवाजात म्हणायचा. मजकूर साधारण असा: आमचे सार्वभौम महाराज जमलेल्या सर्व लोकांना फर्मावतात की त्यांनी ताबडतोब पांगावं आणि शांतपणे आपापल्या घरी किंवा कामधंद्याला जावं, नाहीतर दंगे आणि दंगेखोर जमाव रोखण्यासाठी जॉर्ज राजाच्या पहिल्या वर्षी केलेल्या कायद्यातल्या शिक्षा भोगाव्या लागतील. देव राजाचं रक्षण करो.

आणि मग एक तास. त्या तासात पांगलात तर या कायद्याखाली गुन्हा नाही. तास उलटून गेल्यावरही बारा जण एकत्र उभे दिसले, तर थेट मृत्युदंडाचा गुन्हा. जमाव हटवताना कुणी मेलं, तर हटवणाऱ्यांवर खटला नाही. वाचणाऱ्याला बळाने अडवलं तर तोही तितकाच मोठा गुन्हा.

हे कलमवार सांगतोय, कारण वाक्प्रचाराचा सगळा अर्थ त्या एका तासात आहे. रायट ॲक्ट ही शिक्षा नव्हे आणि शिवीगाळही नव्हे. ती शिक्षेआधीची शेवटची पायरी. बोलणाऱ्याकडे शिक्षेचा अधिकार हवा, हुकूम स्पष्ट हवा आणि ऐकणाऱ्याला सुधारायला अवकाश हवा. तिन्हींपैकी एक जरी नसेल तर वाक्प्रचार वापरू नका. मराठीत याला नेमका शब्द आहे: निर्वाणीचा इशारा. थोडं सौम्य हवं असेल तर 'सक्त ताकीद' किंवा 'तंबी'. 'तंबी'चं मूळ अरबी 'तंबीह', म्हणजे जागं करणं. झोपलेल्याला हलवून उठवायचं, मारायचं नाही. इंग्रजी वाक्प्रचाराशी याहून जवळचं नातं दुसऱ्या कुठल्या मराठी शब्दाचं मला दिसत नाही. आधुनिक इंग्रजी कोश नुसत्या खरडपट्टीलाही हा वाक्प्रचार चालवून घेतात. घेऊ देत बापडे. कोशाचं काम लोक काय बोलतात ते नोंदवण्याचं. काय बोलावं हे आपण ठरवू शकतो.

'वाचणे' हे क्रियापदही उगाच नाही. मजकुरातलं काही गाळून चालत नसे. १८३० मधल्या एका खटल्यात मॅजिस्ट्रेटने शेवटचं 'देव राजाचं रक्षण करो' गाळलं होतं, तर न्यायालयाने ते वाचनच सदोष ठरवलं. दुसरी अडचण आवाजाची. १६ ऑगस्ट १८१९ला मँचेस्टरच्या सेंट पीटर्स फील्डवर सभेला हजारोंची गर्दी होती. कायदा खिडकीतून वाचला होता असं मॅजिस्ट्रेट म्हणत राहिले, पण मैदानावरच्या बहुतेकांना काही ऐकूच आलं नाही आणि घोडेस्वार अंगावर आले. ग्लासगोला ३१ जानेवारी १९१९ रोजी तर वाचता वाचता शेरिफच्या हातातून कागदच हिसकावला गेला. इंग्लंडमध्ये १९६७ साली या कायद्याचा अंमल संपला. वाक्प्रचार मात्र टिकला. कॅनडाच्या फौजदारी संहितेत ही घोषणा अजून आहे, फक्त तिथे तासाऐवजी तीस मिनिटं मिळतात.

आता 'रायट ॲक्ट म्हणजे आपलं १४४' असं ठोकून देणाऱ्या जाणकारांबद्दल. हे साफ चूक आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १४४, म्हणजे १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं १६३, हे जमाव जमण्याआधीच लावता येतं. जमावबंदी म्हणतात ती हीच. रायट ॲक्ट जमलेल्या लोकांसमोर वाचायचा. साम्य शोधायचंच असेल तर ते जुन्या १२९शी, म्हणजे आताच्या १४८शी आहे: दंडाधिकारी किंवा ठाण्याचा प्रभारी पोलीस अधिकारी जमावाला पांगण्याचा हुकूम देतो. पण तिथे आकडा बाराचा नाही, पाचाचा आहे. ठरीव मजकूर नाही. तासही नाही. इशारा 'वाचून' दाखवण्याची कल्पना मराठीत का रुजली नाही, याचं एक कारण मला तरी यातच दिसतं: आपल्याकडे हुकूम सुटतो, काढला जातो, बजावला जातो, वाचला जात नाही.

'ले डाउन द लॉ'मध्ये खरी मौज आहे. 'लॉ' हा शब्द इंग्रजांचा स्वतःचा नाही. सुमारे हजार वर्षांपूर्वी उत्तर आणि पूर्व इंग्लंडात वसलेल्या डेन लोकांच्या भाषेतून तो आला. त्यांच्याकडे 'लाग' म्हणजे घातलेलं, थर. आणि त्याच शब्दाचं अनेकवचन म्हणजे कायदा. 'ले'ही त्याच कुळातलं. म्हणजे 'ले डाउन द लॉ' हे शब्दशः 'घातलेलं घालणे' झालं! त्याआधी इंग्रज कायद्याला 'डूम' म्हणत. त्याचा अर्थ पुढे घसरून सर्वनाश झाला, पण मूळ अर्थ 'ठेवलेलं, ठरवलेलं'. त्याचा धातू म्हणजे आपला संस्कृत 'धा', ठेवणे. 'विधी' त्यातलाच, 'विधान' त्यातलंच, आणि वेदातलं 'धाम'ही. त्याला जागा आणि नियम असे दोन्ही अर्थ आहेत. आता मराठी बघा: आपण नियम 'घालून देतो'. उत्तर समुद्रावरचा डेन आणि आपण, दोघांनाही कायदा ही खाली घालायची वस्तू वाटली. व्युत्पत्तीचे पंडित याला योगायोग म्हणतील. म्हणोत.

तरी भाषांतरात 'घालून देणे' वापरू नका. त्यातल्या 'देणे'मुळे आदर येतो: आजोबांनी घालून दिलेली शिस्त. इंग्रजीत मात्र बहुतेकदा आढ्यता असते, कुणाचं काही न ऐकता आपलंच खरं करण्याची. तिथे 'फर्मान सोडणे' चपखल बसतं. फारसी 'फर्मान' आणि संस्कृत 'प्रमाण' एकाच मुळाचे, तेव्हा 'मी म्हणेन तेच प्रमाण' हा भाव त्यात आयताच मिळतो.

राहिला तिसरा. 'पुट युअर फूट डाउन'ला 'पाय रोवणे' लिहिलेलं दिसतं. चूक. पाय रोवणारा माणूस नव्या जागी जम बसवतो; इथे माणूस ठणकावून नाही म्हणतो. 'ठाम नकार देणे' किंवा 'चालणार नाही म्हणून बजावणे' लिहा. आणि संदर्भ न बघता तेही लिहू नका: ब्रिटनमध्ये गाडी चालवणाऱ्याला हेच शब्द ऐकवले तर तो ॲक्सिलरेटर दाबेल.