‘फुल अँड फायनल’वर सही करू की नको?

श्रीवर्धन तालुक्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेचे पत्र आहे. मेअखेरच्या वादळात त्यांच्या कौलारू घराचे अर्धे छप्पर उडाले. पडवी कोसळली आणि माजघरात रात्रभर पाऊस पडत राहिला. दुरुस्तीचा अंदाज 6 लाख 80 हजारांचा. 2023 मध्ये घराच्या दुरुस्तीसाठी कर्ज घेताना बँकेने घराचा विमा उतरवला होता, इमारतीसाठी 12 लाखांचा. नुकसान मोजणारा सर्व्हेअर अकराव्या दिवशी आला. आता कंपनीने 1 लाख 92 हजारांचे व्हाउचर, म्हणजे रक्कम मान्य असल्याचा कागद, पाठवले आहे: ‘फुल अँड फायनल’ म्हणून सही करा, सात दिवसांत परत पाठवा. ताई विचारतात, गणपतीपूर्वी छप्पर घालायचे आहे, हातात पैसा नाही, सही करू का?

ताई, तो कागद जसा आला आहे तसा सही करू नका.

‘संपूर्ण आणि अंतिम’ या शब्दांवर काट मारा आणि खाली स्वतःच्या अक्षरात लिहा: ‘ही रक्कम मी हरकत नोंदवून, उरलेल्या दाव्याचा हक्क राखून घेत आहे.’ मग सही करा, फोटो काढून ठेवा, आणि हेच ईमेलनेही कळवा. कंपनी म्हणेल असे चालत नाही. पण जी रक्कम तिलाच मान्य आहे ती अशा सहीसाठी अडवून ठेवू नये आणि व्हाउचरमुळे ग्राहकाचा पुढे दाद मागण्याचा हक्क बुडत नाही, असे विमा नियामकाने 2015 सालीच कंपन्यांना बजावले आहे. ज्यांनी आधीच सही केली आहे त्यांच्यासाठीही दार पूर्ण बंद नसते. दबावाने, फसवून किंवा चुकीचे सांगून घेतलेली सही ग्राहकाला बांधत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये युनायटेड इंडिया विरुद्ध अजमेर सिंग कॉटन या खटल्यात सांगितले. मात्र दबाव होता हे सिद्ध करायचे ओझे मग तुमच्यावर येते. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतर अशा फायली मी अलिबागला पाहिल्या आहेत. पाऊस तोंडावर, घरावर ताडपत्री, आणि माणसांनी मिळेल त्या आकड्यावर सह्या केलेल्या. वर्षभराने दबाव सिद्ध करताना त्यांची जी दमछाक झाली, ती तुमची होऊ नये.

आता आकड्याकडे येऊ, कारण तुमच्या प्रकरणातली खरी चूक तिथे आहे.

तुम्ही पाठवलेल्या पत्रकात सर्व्हेअरने नुकसान 3 लाख 20 हजार धरले आहे. मग घराची खरी किंमत 20 लाख, विमा 12 लाखांचा, म्हणजे साठ टक्के, म्हणून भरपाईही साठ टक्के, असा हिशेब करून 1 लाख 92 हजारांवर आणले आहे. जुन्या फायर पॉलिसीत ही कपात चालायची. पण 1 एप्रिल 2021 पासून घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी लागू झाली आणि तिच्यात कमी रकमेच्या विम्यासाठी भरपाई कापता येत नाही. विम्याच्या रकमेच्या मर्यादेत नुकसान पूर्ण द्यायचे, असाच तिचा करार आहे. तुमचा विमा 2023 चा. बँकेने तुम्हाला फक्त एक पानाचे प्रमाणपत्र दिले आहे, त्यावर पॉलिसीचे नाव बारीक अक्षरात असेल, ते वाचा. ‘भारत गृह रक्षा’ असेल तर 1 लाख 28 हजारांची ही कपात एका पत्राने परत मागता येते. संपूर्ण पॉलिसी आणि तुमच्या नावाने भरलेला प्रस्ताव अर्ज बँकेकडून लेखी मागा. अर्जात घराचे क्षेत्रफळ बरोबर लिहिले आहे का तेही पाहा. हे अर्ज पुष्कळदा बँकेतला कर्मचारीच भरतो, आणि क्षेत्रफळ चुकले असेल तर कंपनी पुढचे बोट तिथेच ठेवेल.

6 लाख 80 हजारांचे 3 लाख 20 हजार कसे झाले? दोन कारणे दिली आहेत. एक, वासे आणि रिपा जुन्या, वाळवी लागलेल्या, म्हणून निम्मी घट. दुसरे, भिंतींचे, वायरिंगचे आणि कपाटांचे नुकसान वादळाने नव्हे तर ‘पावसाचे पाणी झिरपून’ झाले, म्हणून शून्य.

दुसरे कारण मला संतापजनक वाटते. कौले वाऱ्याने उडाली नसती तर पाणी आत आले असते का? नुकसानीमागे मूळ आणि परिणामकारक कारण कोणते हे पाहायचे असते, आणि इथे वारा, उघडे छप्पर, पाऊस ही साखळी एकाच रात्रीत पुरी झाली. तुम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी ताडपत्री घातली हे फार चांगले केलेत. नुकसान वाढू नये म्हणून झटणे हे विमेदाराचे कर्तव्य असते. त्या ताडपत्रीचे बिल जपा, तेही मागा. कपाटे मात्र घरातल्या सामानाच्या विम्यात बसतात. ते सदर तुमच्या पॉलिसीत आहे का, पाहा.

लाकडाचा मुद्दा जरा कठीण आहे. वासे खरेच कुजलेले असतील तर कंपनीचे म्हणणे अगदीच पोकळ नाही. पण निम्मी घट पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली केली, ते कलम दाखवा, असे लेखी विचारा. आणि त्या रात्री वादळ आले नसते तर छप्पर पडले असते का, याचे उत्तर द्यायला लावा. वाऱ्याची नोंद हवामान खात्याकडे मिळते. अलिबाग आणि हर्णै इथे वेधशाळा आहेत, तिथली त्या तारखेची नोंद मागून घ्या. शेजारच्या घरांची कौले उडाल्याचे फोटोही उपयोगी पडतील.

सर्व्हेअरने महसूल खात्याच्या पंचनाम्यातले ‘अंशतः पडझड, 20 टक्के’ हे शब्दही तुमच्याविरुद्ध वापरले आहेत. तो पंचनामा सरकारी मदतीची ठरीव रक्कम कोणाला किती, यासाठी असतो. दुरुस्तीचा खर्च त्यातून निघत नाही. एखाद्या स्थापत्य अभियंत्याकडून मापांसह, दरांसह अंदाजपत्रक करून घ्या. सुताराच्या वहीतल्या पानापेक्षा त्याला कितीतरी अधिक वजन येते.

सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मागा, तो तुमचा हक्क आहे. तो अहवाल म्हणजे शेवटचा शब्द नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स विरुद्ध प्रदीप कुमार (2009) मध्ये स्पष्ट केले आहे. नियामकाच्या 2024 च्या परिपत्रकानुसार सर्व्हेअर 24 तासांत नेमायचा आणि त्याने 15 दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तुमच्याकडे तो अकरा दिवसांनी फिरकला, तोवर तुम्ही चिखल काढला होता. हा उशीर तक्रारीत लिहाच.

पोफळी आणि माड गेले त्याचे पैसे या विम्यातून मिळणार नाहीत.

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मुद्देसूद पत्र द्या. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जा. तिथे फी नाही, वकील चालत नाही, 50 लाखांपर्यंतची प्रकरणे घेतली जातात, आणि दिलेला निर्णय कंपनीला पाळावाच लागतो. मुदत एक वर्षाची. दुसरा रस्ता अलिबागच्या जिल्हा ग्राहक आयोगाचा, दोन वर्षांच्या आत. तिथे मनस्तापाची भरपाईही मागता येते, पण तारखा पडतात. तुमच्या प्रकरणातली मोठी चूक कागदावरच दिसते आहे, म्हणून मी वकील असूनही सांगते, आधी लोकपालाकडे जा. दोन्हीकडे एकाच वेळी मात्र जाऊ नका.

भरपाईचा धनादेश बँक कर्जखात्यात वळता करू शकते, कारण पॉलिसीवर तिचे नाव आहे. ती रक्कम दुरुस्तीसाठी सोडा, असा अर्ज शाखेला आजच द्या.

आणि छप्पर घालायला घ्या, गणपती उघड्यावर बसवू नका. फक्त काम सुरू करण्यापूर्वी दोन दिवसांची सूचना कंपनीला ईमेलने द्या, प्रत्येक टप्प्याचे फोटो काढा, आणि उतरवलेले वासे चुलीत घालू नका. जिथे ते मोडले तो भाग वीतभर कापून गोठ्यात कोरडा ठेवा. आतून लाकूड ताजे, पिवळे निघाले तर सर्व्हेअरच्या वाळवीला तेवढा तुकडा पुरेल.