एंडोस्कोपीआधी देतात ते मिडाझोलाम म्हणजे भूल का? नंतर काहीच आठवत नाही, ते खरं का?

पूर्ण भूल नव्हे. तुमची पुढच्या आठवड्यात एंडोस्कोपी आहे आणि आपण बेशुद्ध पडू अशी धास्ती आहे. मी औषधशास्त्र शिकलोय, शिवाय हे इंजेक्शन स्वतः घेतलंय, म्हणून लिहितो.

बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला, डाव्या कुशीवर वळवलं, दातांमध्ये प्लास्टिकची कडी बसवली. इथवर मला लख्ख आठवतं. त्यापुढची आठवण थेट घरची: पलंगावर बसून मी माझ्याच मोज्यांकडे बघतोय. मधला वेळ कोरा. पण त्या वेळात मी झोपलो नव्हतो. ‘गिळा’ म्हटलं की गिळत होतो म्हणे. नंतर डॉक्टरांशी व्यवस्थित बोललो आणि गाडीत भावाला चार वेळा विचारलं, ‘अरे, झालं का?’ चौथ्यांदा त्याने उत्तर देणंच सोडलं.

होतं असं की गाबा हे मेंदूला ब्रेक लावणारं रसायन. मिडाझोलाम स्वतः ब्रेक दाबत नाही, त्याच्यामुळे गाबाने दाबलेला ब्रेक जास्त घट्ट लागतो. भीती ओसरते, गुंगी येते आणि नव्या आठवणी साठवणं तेवढ्यापुरतं थांबतं. जुन्या आठवणींना धक्का लागत नाही, काळजी नको.

या रेणूची एक गंमत मला फार आवडते. कुपीतल्या आम्लधर्मी द्रावणात त्याच्या अणूंचं एक कडं उघडं असतं, म्हणून तो पाण्यात विरघळतो. रक्तात गेला की कडं मिटतं, रेणू मेदात विरघळणारा होतो आणि दोन-तीन मिनिटांत मेंदूत पोचतो. त्याचा थोरला भाऊ डायझेपाम पाण्यात नीट विरघळत नाही. त्याच्या इंजेक्शनने शीर चांगलीच जळजळते. शिवाय डायझेपामचं अर्धायुष्य, म्हणजे रक्तातलं औषध निम्म्यावर यायला लागणारा वेळ, एक-दोन दिवसांचं, मिडाझोलामचं साधारण दीड ते अडीच तासांचं.

मिडाझोलामने दुखणं मात्र कमी होत नाही. म्हणून कधी सोबत फेंटानिल हे तीव्र वेदनाशामक देतात, आणि खरी जोखीम तिथे आहे: दोन्ही मिळून श्वास मंदावतो. तो चिमटा त्यासाठीच. झोपेत श्वास अडकण्याचा त्रास, यकृताचा आजार, दारू, झोपेच्या गोळ्या, क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक किंवा इट्राकोनाझोल हे बुरशीवरचं औषध चालू असणं, यातलं काहीही असेल तर लाजू नका, आधीच सांगा. शेवटची दोन औषधं यकृतात मिडाझोलामचा निचरा रोखून धरतात, मग गुंगी लांबते. वय जास्त असेल तर डोस कमी लागतो. क्वचित एखादा माणूस शांत होण्याऐवजी उलट चिडतो, हातपाय झाडतो. उतारा म्हणून फ्लुमाझेनिल आहे, पण त्याचा असर आधी संपून गुंगी परत चढू शकते, त्यामुळे तो दिल्यावरही लक्ष ठेवावं लागतं.

चोवीस तास गाडी चालवू नका, कुठल्या कागदावर सही करू नका, सोबत कुणाला तरी न्या. आणि डॉक्टर काय म्हणाले ते त्या माणसाला लिहून घ्यायला सांगा. मी म्हणे पथ्याची यादी दोनदा विचारून घेतली होती. मला त्यातलं अक्षरही आठवत नाही.