भाड्याच्या घरात कमी खर्चात हिवाळ्याची तयारी कशी करावी? दुसरा हीटर घ्यावा का?

दुसरा हीटर एवढ्यात घेऊ नका. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून (जुन्या लाकडी खिडक्या, हीटर रात्रभर चालू असूनही पाय गारच, घरात वयस्कर आई आणि थंडीतही घाम फोडणारं वीजबिल) हीटर आपलं काम करतोय असंच दिसतं. त्याने दिलेली ऊब घरात टिकत नाही, ही खरी अडचण. आधी वारा अडवा, मग काच झाका, मग माणसाच्या अंगाची सोय बघा. एवढं करूनही भागलं नाही तर हीटरचा विचार करा. खर्चही साधारण याच क्रमाने वाढत जातो.

सुरुवात फटी शोधण्यापासून. बाहेर थोडा वारा असेल अशा वेळी सगळी दारं-खिडक्या लावून घ्या, पंखे बंद करा, गॅस आणि गॅस गीझर बंद आहेत ना ते पाहा आणि स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन सुरू करा. तो जेवढी हवा बाहेर फेकतो तेवढी फटींतून आत ओढली जाते. आता पेटती उदबत्ती घेऊन चौकटीच्या कडेकडेने सावकाश फिरा. धूर सरळ वर जातोय तोवर ठीक. तो एकदम आडवा झाला, थरथरला, की तिथे पेन्सिलने खूण करा. पडदे आधी बाजूला बांधून ठेवा, एवढं मात्र नक्की. धुराचा त्रास होत असेल तर हाताची पालथी बाजू ओली करून फिरवा, गार झुळूक लगेच जाणवते.

बहुतेक लोक खिडक्या तपासून थांबतात. मी त्याआधी बाकीची भोकं बघतो: एसीचा पाइप किंवा केबल जिथून आत येते ती जागा, सिंकखालचा पाइप भिंतीत शिरतो तिथली पोकळी, चौकट आणि भिंत यांच्यामधली भेग, माळ्याचं झाकण. उबदार हवा हलकी असते, ती वर चढून वरच्या फटींतून निसटते आणि तिची जागा घ्यायला खालून गार हवा आत येते. त्यामुळे छताजवळचं भोक उघडं ठेवून नुसती खालची फट बुजवली तर काम अर्धवटच राहतं.

त्यातही दाराखालची फट लोक फारच हलक्यात घेतात. ९० सेंटीमीटर रुंद दार आणि खाली फक्त १ सेंटीमीटर फट, म्हणजे ९० चौरस सेंटीमीटर जागा उघडी. दाराच्या मधोमध जवळपास ११ सेंटीमीटर व्यासाचं गोल भोक असतं तर तुम्ही एक रात्र तरी ते तसं ठेवलं असतं का? यावर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे जुन्या जीन्सचा एक पाय कापायचा, एक तोंड शिवायचं, आत चिंध्या ठासून भरायच्या, तळाशी थोडी कोरडी वाळू एका बंद पिशवीत घालून ठेवायची म्हणजे वजनाने तो जागचा हलत नाही, आणि दुसरं तोंड शिवून टाकायचं. दाराची सतत ये-जा असेल तर मात्र हा लोळ पायात येतो, आणि वयस्कर माणसाला त्यात अडखळायला होतं. तिथे दाराच्या तळाला लावायची रबरी किंवा ब्रशची पट्टी घ्या.

खिडकीच्या झडपेसाठी कागदाची परीक्षा करा. कागदाची पट्टी झडप आणि चौकटीत धरून खिडकी लावा आणि कागद ओढा. अडकला तर ठीक, सहज सुटून आला तर तिथे टेप हवी. फोमची टेप स्वस्त पडते, पण एक-दोन हिवाळ्यांत चपटी होते. पोकळ रबराची पट्टी थोडी महाग आणि बरीच टिकाऊ. जाडी मोजून घ्या, फार जाड लावली तर खिडकीच लागत नाही आणि कडी ओढताना बिजागरीवर ताण येतो. न हलणाऱ्या भेगांना सीलंट भरा. ज्यावर रंग मारायचा असेल तिथे अ‍ॅक्रिलिक, ओल लागेल तिथे सिलिकॉन. दोन्हींसाठी जागा स्वच्छ आणि कोरडी हवी, म्हणून हे काम कडाका पडायच्या आधी उरकलेलं बरं.

आता थांबवतो, कारण इथेच लोक उत्साहाच्या भरात घात करून घेतात. गॅस गीझर असलेल्या बाथरूमची जाळी, स्वयंपाकघराचा झरोका, ज्या खोलीत काहीही जळतं तिथली हवेची वाट बुजवायची नाही. गार वारा येतोय म्हणून पुठ्ठासुद्धा लावायचा नाही. आणि कोळशाची शेगडी बंद खोलीत ऊब घ्यायला कधीही नाही, विझत आलेली तर मुळीच नाही. कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. डोकं दुखतं, चक्कर येते, मळमळतं, माणूस झोपेत असेल तर तेवढंही कळत नाही. घरात गॅस किंवा कोळसा वापरत असाल तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म ही या यादीतली एकमेव वस्तू जिच्यात मी काटकसर करणार नाही.

खिडक्यांकडे वळू. एकेरी काच जवळजवळ काहीच अडवत नाही, अडवते ती स्थिर हवा. म्हणून चौकटीला दुहेरी टेपने पारदर्शक प्लास्टिक ताणून बसवलं आणि काचेपासून १ ते २ सेंटीमीटर अंतर ठेवलं, तर काचेतून जाणारी ऊब जवळपास निम्म्यावर येते. हेअर ड्रायरने तापवून आवळणारी फिल्म मिळते, ती सुरकुत्या न पडता बसते. बाथरूमसारख्या खिडकीला, जिथून बाहेर बघायचं नसतं, पॅकिंगचं फुग्यांचं प्लास्टिक चालतं. काचेवर पाणी फवारायचं, फुग्यांची बाजू काचेला लावायची, ते चिकटून बसतं आणि हिवाळा संपला की सोलून निघतं. घरमालकाची कटकट नाही. फक्त प्रत्येक खोलीत सहज उघडेल अशी एक तरी खिडकी मोकळी ठेवा.

पडद्यांबद्दल एक गोष्ट. खिडकी घट्ट लागलेली, कुठे फट नाही, तरी पायाशी गार झोत येतो असं तुमच्याकडे होत असेल, तर त्याचं कारण हे की पडद्याचा वरचा भाग उघडा असतो. खोलीतली उबदार हवा वरून पडद्यामागे शिरते, काचेला लागून थंड होते, जड होते आणि खालून जमिनीवर वाहत बाहेर येते. पडदा छतालगत लावा किंवा दांडीवर एक जाड कापड टाकून वरची वाट बंद करा, आणि खालून तो जमिनीला किंवा खिडकीच्या कठड्याला टेकू द्या. जुनी चादर मागून अस्तर म्हणून शिवली तरी पुष्कळ. दिवसा ऊन येतं त्या बाजूचे पडदे पूर्ण उघडे, ऊन गेलं की लगेच बंद. हिवाळ्यात सूर्य खाली असल्यामुळे ऊन खोलीत आतपर्यंत येतं आणि त्याचं बिल येत नाही.

फरशीवर सतरंजी, चटई, जे असेल ते पसरा. फरशी पायातली ऊब भरभर ओढते, बाकी काही नाही.

ओलीचा प्रश्न मात्र गंभीर. घर बंदिस्त केलं की श्वासाची, स्वयंपाकाची, आंघोळीची वाफ आतच राहते. हवा २० अंश आणि आर्द्रता ५० टक्के असेल तर साधारण ९ अंशांखालच्या पृष्ठभागावर पाणी सुटतं. सकाळी काचेवर दिसतं ते हेच, आणि बाहेरच्या भिंतीला खेटलेल्या कपाटामागे बुरशी धरते तीही यामुळेच. कपाट चार बोटं पुढे ओढा, काच पुसून घ्या, कपडे आत वाळत घालणं शक्यतो टाळा. दिवसातून दोनदा समोरासमोरच्या खिडक्या पाच-दहा मिनिटं सताड उघडा. ऊब जाईल म्हणून घाबरू नका: १२ चौरस मीटरच्या, ३ मीटर उंच खोलीतली सगळी हवा १० अंशांनी पुन्हा तापवायला जेमतेम ०.१२ युनिट लागतं. खरी ऊब भिंती आणि सामान धरून असतं, ते दहा मिनिटांत थंड होत नाही. दिवसभर किलकिली ठेवलेली खिडकी जास्त नुकसान करते.

आता तुमचं बिल. २००० वॅटचा हीटर ६ तास म्हणजे १२ युनिट. १०० वॅटचं विजेचं ब्लँकेट ८ तास म्हणजे ०.८ युनिट. झोपलेल्या माणसासाठी अख्खी खोली तापवण्यात अर्थ नाही. आईंना ब्लँकेट वापरायला अवघड वाटत असेल तर झोपण्याआधी अर्धा तास अंथरूण गरम करून बंद करा, किंवा गरम पाण्याची रबरी पिशवी कापडात गुंडाळून पायाशी द्या. त्वचेला उघडी लावायची नाही, वयानुसार चटका उशिरा जाणवतो. मात्र त्यांची खोली अगदी गार पडू देऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत थंड प्रदेशांसाठी घरातलं किमान सुरक्षित तापमान १८ अंश धरलंय, आणि वयस्करांना त्याहून थोडी जास्त ऊब लागू शकते. एक साधा थर्मामीटर भिंतीवर टांगा, नुसत्या अंदाजावर जाऊ नका.

शेवटी हीटर घ्यावाच लागला तर ‘वीज वाचवणारा’ या लेबलला भुलू नका. कॉइलचा असो, ऑइलचा असो की सिरॅमिकचा, एका युनिटातून तेवढीच उष्णता मिळते. कमी विजेत खरोखर जास्त ऊब देतो तो हीट पंप, म्हणजे गरम हवा देणारा एसी. तुमच्याकडे आधीच एसी असेल तर रिमोटवर ‘हीट’ आहे का बघा, फिल्टर धुऊन घ्या आणि तोच वापरा. साधा हीटर एक्स्टेन्शन बोर्डावर लावू नका आणि पडदा-पांघरुणापासून निदान १ मीटर लांब ठेवा.

घर सोडताना टेप काढायची असेल तर ओरबाडू नका, रंगाचे पापुद्रे निघतात. हेअर ड्रायरने डिंक गरम करून एका टोकाने हळूहळू सोला, राहिलेला चिकटा खोबरेल तेलाच्या बोळ्याने निघतो.