बरगड्या मोडल्यावर मणक्याजवळ ब्लॉक देतात, त्याने लकवा होतो का?

मी भूलतज्ज्ञ आहे, जळगाव जिल्ह्यात काम करते. तुमचे वडील केळीच्या ट्रॉलीवरून पडले, डाव्या बाजूच्या चार बरगड्या मोडल्या आणि डॉक्टर पाठीत ब्लॉक, म्हणजे नस बधिर करणारं इंजेक्शन, द्यायचं म्हणताहेत. गावात मात्र लकव्याची भीती घालताहेत. त्यांना तपासून डॉक्टरांनी हे सुचवलं असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: होकार द्या.

'पाठमा सुई नको' हे मी रावेर-यावलपासून साक्रीपर्यंतच्या पेशंटांकडून ऐकत आले आहे. ही धास्ती बहुतेक वेळा सिझेरियनच्या कमरेतल्या इंजेक्शनवरून आलेली असते. त्यात औषध मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात सोडतात, म्हणून दोन्ही पाय काही तास जड पडतात. तिथेही सुई मुद्दाम खाली टोचतात, कारण मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो.

तुमच्या वडिलांचा ब्लॉक वेगळा. मज्जारज्जूतून नसांच्या 31 जोड्या निघतात, त्यातल्या 12 छातीच्या. प्रत्येक नस दोन मणक्यांमधल्या फटीतून बाजूला बाहेर येते आणि बरगडीखालून पुढे छातीकडे जाते. ती बाहेर पडते त्या जागी औषध सोडलं की तेवढाच पट्टा बधिर होतो. केळीच्या बागेत मेन लाइन चालू ठेवून चार ओळींचे कॉक बंद करावेत, तसं. औषध बहुधा बुपिवाकेन किंवा रोपिवाकेन असतं. नसेत सोडियम शिरण्याची जी दारं असतात ती ते अडवतं, त्यामुळे दुखण्याचा निरोप मेंदूपर्यंत जात नाही. औषध उतरलं की दारं उघडतात आणि नस पूर्ववत होते. पाय चालतात, माणूस शुद्धीत असतो.

नस बाहेर पडते त्या मणक्यालगतच्या जागेला पॅराव्हर्टेब्रल म्हणतात. 1905 मध्ये जर्मनीत ह्यूगो सेलहाइम यांनी हा ब्लॉक दिला होता, पुढे तो मागे पडला आणि 1979 नंतर पुन्हा वापरात आला. 2016 पासून त्याहून वरवरचा इरेक्टर स्पायनी ब्लॉकही देतात. त्यात औषध पाठीच्या स्नायूखाली, मणक्याच्या आडव्या हाडावर सोडतात, म्हणजे सुई फुप्फुसापासून बरीच लांब राहते. दोन्हींपैकी कोणता देणार, हे विचारून घ्या.

आता हा आग्रह कशासाठी, ते सांगते, कारण नातेवाइकांना हेच कुणी नीट सांगत नाही. बरगडी मोडलेला माणूस दुखण्याच्या भीतीने वरवर श्वास घेतो आणि खोकला दाबतो. कफ आत साचतो, फुप्फुसाचा खालचा भाग मिटतो आणि न्यूमोनिया धरतो. वय झालेल्या, त्यातही वर्षानुवर्षं बिडी ओढलेल्या माणसाला मोडलेल्या हाडापेक्षा या न्यूमोनियाचा धोका मोठा. मॉर्फिनच्या जातीची दुखणं कमी करणारी औषधं जास्त दिली तर गुंगी येते आणि श्वास आणखी मंदावतो. ब्लॉकमध्ये गुंगी नाही, खोकता येतं.

धोके आहेत. पॅराव्हर्टेब्रलमध्ये क्वचित सुई फुप्फुसाच्या आवरणाला लागून छातीत हवा शिरते. सोनोग्राफीत बघत सुई नेली की ही शक्यता कमी होते. औषध चुकून रक्तात गेलं तर ओठ झिणझिणतात, कानात आवाज येतो, क्वचित झटके येतात. म्हणून मॉनिटर लावूनच ब्लॉक देतात. नसेला इजा किंवा आत रक्तस्राव फार दुर्मीळ, पण वडील क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन असली रक्त पातळ करणारी गोळी घेत असतील तर आधीच सांगा. घरी 'हृदयाची गोळी' एवढंच माहीत असतं, म्हणून पाकीटच घेऊन जा.

एका इंजेक्शनचा परिणाम काही तास टिकतो. बारीक नळी ठेवली तर दोन-चार दिवस औषध देता येतं. नळी नसेल, तर असर उतरायच्या आधीच गोळ्या सुरू करायला सिस्टरना सांगा, एकदम कळ उठली की आवरत नाही. आणि ब्लॉक चढला की वडिलांना झोपवून ठेवू नका. बसवा, छातीला उशी धरून खोकायला लावा. श्वासाच्या व्यायामाचं, आत तीन छोटे चेंडू असलेलं यंत्र दिलं असेल तर त्यात फुंकायचं नसतं, श्वास आत ओढायचा असतो. हे त्यांना स्वतः करून दाखवा.