एन. राजम कर्नाटकी घराण्यातल्या असून हिंदुस्थानी व्हायोलिनकडे कशा वळल्या?

मुख्य कारण म्हणजे हिंदुस्थानी संगीतातले मोठे गायक पं. ओंकारनाथ ठाकूर. राजमबाईंचा जन्म १९३८चा, वडील नारायण अय्यर यांनीच लहानपणी व्हायोलिन हातात दिलं, भाऊ टी. एन. कृष्णन तर कर्नाटकी व्हायोलिनमधलं मोठंच नाव, पण ओंकारनाथांकडे शिकायला लागल्यावर त्यांची गायकी व्हायोलिनवर आणायचं राजमबाईंच्या डोक्यात बसलं आणि मग बोटं तारेवरून घसरवत मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणं) काढायची, गजावर (तारांवर फिरवायच्या काठीवर) दम टिकवायचा, असं करत गायकी अंग, म्हणजे गाण्यासारखं वाजवायची शैली, तयार झालं. पुढे बनारस हिंदू विद्यापीठात बरीच वर्षं शिकवलं, २००४ला पद्मभूषण. मला स्वतःला त्यांचा विलंबित (संथ लयीतला) ख्याल जास्त आवडतो, द्रुत (जलद) काय सगळेच वाजवतात. मुलगी संगीता शंकर आणि नाती रागिणी, नंदिनीही व्हायोलिनच वाजवतात, यूट्यूबवर चौघी एकत्र आहेत, नक्की ऐका.