अमेरिकेत मतदानाच्या दिवशीच नाव नोंदवून लगेच मत देता येतं. मग बोगस मतदान होत नाही का? भारतात ही सोय का नाही?

आधी एक दुरुस्ती. हा नियम सगळ्या अमेरिकेचा नाही, राज्याराज्याचा आहे. मेनमध्ये १९७३ पासून, मिनेसोटात १९७४ पासून, विस्कॉन्सिनमध्ये १९७६ पासून ही सोय आहे. नॉर्थ डकोटात तर मतदार नोंदणी हा प्रकारच नाही. नॉर्थ कॅरोलायनात मुदतपूर्व मतदानाच्या काळात नाव नोंदवून लगेच मत देता येतं, पण प्रत्यक्ष मतदानाच्या दिवशी नाही. न्यू यॉर्कच्या राज्यघटनेत दहा दिवस आधी नोंदणीची अट आहे, ती काढायचा प्रस्ताव मतदारांनीच २०२१ साली फेटाळला. मी मिनेसोटात मतदान केंद्रावर नोंदणीच्या टेबलावर काम करते, त्यामुळे खाली टेबलाबद्दल जे सांगते ते मिनेसोटाचं आहे.

'बोगस मतदान' हा शब्द आपल्या मराठी मंडळींच्या जेवणावळीतसुद्धा फार सहज फेकला जातो, आणि बोलणाऱ्याने ते टेबल बहुधा पाहिलेलं नसतं. टेबलावर काय होतं ते सांगते.

यादीत नाव नसलं की आधी पत्ता तपासायचा. निम्मा घोळ इथेच सुटतो, कारण माणूस शेजारच्या प्रीसिंक्टचा, म्हणजे दुसऱ्या केंद्राच्या मतदान विभागाचा असतो. त्याला योग्य केंद्रावर पाठवायचं, नाहीतर नोंदणी करूनही त्याला भलतीच मतपत्रिका मिळेल. पत्ता इथलाच असेल तर अर्ज भरायचा. त्यात नाव, जन्मतारीख, पत्ता, ड्रायव्हिंग लायसन्स नंबर किंवा सोशल सिक्युरिटी या सरकारी ओळख क्रमांकाचे शेवटचे चार आकडे असतात, नागरिकत्वाची खूण आणि सही असते. सहीच्या वर छापलेलं असतं की खोटी माहिती दिली तर पाच वर्षांपर्यंत कैद, दहा हजार डॉलरपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

मग राहत्या पत्त्याचा पुरावा. चालू पत्त्याचं मिनेसोटा लायसन्स असेल तर विषय संपला. लायसन्सवर जुना पत्ता असेल तर तेच फोटो ओळखपत्र म्हणून चालतं (मुदत संपलेलं असलं तरी), पण सोबत नव्या पत्त्याचं विजेचं, फोनचं, इंटरनेटचं बिल किंवा बँकेचं स्टेटमेंट लागतं. बिल मतदानाच्या आगेमागे तीस दिवसांतलं हवं. मोबाइलवर दाखवलं तरी चालतं. घराचा भाडेकरारही चालतो, मात्र तो मतदानाच्या दिवशी चालू असला पाहिजे.

आपल्या घरांची अडचण नेमकी इथे होते. सगळी बिलं नवऱ्याच्या नावावर. बायको नागरिक असते, त्याच घरात राहत असते, पण तिच्या नावाचा कागद एकही नाही. नवऱ्याचं बिल तिला चालत नाही. अशा वेळी कामाला येते हमी, आणि सगळ्यात जास्त शिव्या खाणारी तरतूदही तीच.

त्याच प्रीसिंक्टचा नोंदणीकृत मतदार 'ही व्यक्ती इथे राहते हे मला स्वतःला माहीत आहे' अशी शपथ घेऊन दुसऱ्याच्या पत्त्याची हमी देऊ शकतो, जास्तीत जास्त आठ जणांची. 'आठ जण! म्हणजे कुणीही कुणालाही आत घुसवणार!' हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता शांतपणे ऐकवत नाही. अहो, हमी देणाऱ्याला स्वतः केंद्रावर यावं लागतं, आमच्यासमोर सही करावी लागते आणि त्याचं नाव-पत्ता त्या कागदावर राहतो. ज्याची स्वतःची नोंदणी हमीवर झाली आहे तो त्या दिवशी दुसऱ्याची हमी देऊ शकत नाही, म्हणजे साखळी तयार होत नाही. हमी फक्त पत्त्याची असते, नागरिकत्वाची नाही. नागरिकत्वाची सही मतदाराची स्वतःचीच. वृद्धाश्रम किंवा निवारागृहाचा कर्मचारी आठपेक्षा जास्त जणांची हमी देऊ शकतो, पण तिथे नोकरीला असल्याचा पुरावा देऊनच. फसवणूक करायची असेल तर स्वतःच्या सहीचे कागद सरकारकडे ठेवून कोण करेल?

मतदानानंतर काउंटी (जिल्ह्याचं प्रशासन) हे अर्ज संगणकात भरते, लायसन्स किंवा सोशल सिक्युरिटीच्या नोंदींशी ताडून बघते आणि त्या पत्त्यावर एक कार्ड पाठवते. ते कार्ड नव्या पत्त्यावर पुढे जात नाही. परत आलं तर चौकशी होते आणि यादीत नावापुढे आक्षेपाची खूण लागते.

एक आक्षेप मात्र खरा आहे. कार्ड परत येईपर्यंत मत पेटीत गेलेलं असतं आणि ते बाहेर काढता येत नाही. पडताळणी होईपर्यंत मत बाजूला ठेवायची पद्धत मिनेसोटात नाही. २००८ ची मिनेसोटाची सिनेटची (अमेरिकी संसदेच्या वरच्या सभागृहाची) जागा शेवटी ३१२ मतांनी ठरली, त्यामुळे ही काळजी हवेतली नाही. पण त्या निवडणुकीचा खटला कशावर चालला ते पाहा. वाद मुख्यतः टपाली मतांच्या पाकिटांवर होता, कुठली नाकारली आणि कुठली स्वीकारली यावर. नोंदणीच्या टेबलावर नव्हता.

माझ्या मते खरा धोका रांगेचा आहे. कनेक्टिकटने ही सोय प्रत्येक केंद्रावर न देता गावात एकाच ठिकाणी दिली, आणि २०१८ मध्ये न्यू हेवनच्या सिटी हॉलमध्ये लोक तासन्‌तास ताटकळले. आमच्याकडे रात्री आठ वाजता, मतदान बंद होताना, रांगेत असलेल्या प्रत्येकाला मत देता येतं. सोय द्यायची तर माणसं आणि टेबलंही द्यावी लागतात.

भारताबद्दल थोडक्यात. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५० च्या कलम २३(३) प्रमाणे उमेदवारी अर्जांची शेवटची तारीख उलटली की निवडणूक होईपर्यंत यादीला हात लावता येत नाही. दोनदा मत देणं रोखायला भारताकडे बोटावरची शाई आहे, ती आमच्याकडे नाही. पण दुसऱ्या वॉर्डातून माणसं आणून 'हे इथलेच' म्हणणं शाईने थांबत नाही, आणि हमीची तरतूद तिथे स्थानिक दादांच्या हातात जाईल. म्हणून भारतात ही सोय लगेच आणू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तुमचं नाव गळलं असेल तर उमेदवारी अर्जांच्या शेवटच्या तारखेच्या दहाएक दिवस आधी फॉर्म ६ भरा, घर बदललं असेल तर फॉर्म ८. हातात मतदार कार्ड आहे म्हणजे यादीत नाव आहेच असं समजू नका.

आणि हो, न्यू हॅम्पशायरमध्ये २०२४ च्या नव्या कायद्याने नोंदणीला नागरिकत्वाचा कागद लागतो. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांनी तिथे नाव जुळवणारे कागदही बरोबर न्यावेत. ग्रीन कार्ड किंवा एच-१बी वर असलेल्यांनी कुठल्याही राज्यात, कुणीही कितीही आग्रह केला तरी मतदार नोंदणीच्या अर्जावर सही करू नये. लायसन्स काढताना विचारलं तरीही नाही. नागरिक असल्याचा खोटा दावा नंतर नागरिकत्वाच्या अर्जात आडवा येतो आणि त्यावरून देशाबाहेरही काढलं जाऊ शकतं.