ब्रेडेड लाइन रंगवायची असेल तर

गळाने मासे पकडायची पिवळी ब्रेडेड लाइन, म्हणजे बारीक धागे विणून केलेली दोरी, माशाला दिसेल, म्हणून ती रंगवावी का, असे आपण विचारले आहे; ही शंका रास्त आहे. मात्र त्यासाठी संपूर्ण स्पूल (दोरीची अख्खी गुंडाळी) रंगवण्याच्या फंदात पडू नये. ही दोरी अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिइथिलीनची असते आणि ते रंग आत शोषून घेत नाही, त्यामुळे कंपनीने दिलेला रंगसुद्धा वापराबरोबर फिका पडत जातो. कापडाच्या रंगात दोरी उकळण्याचा विचार तर सोडूनच द्यावा, कारण या धाग्याला उष्णता मानवत नाही.

टोकाकडचा दीड-दोन मीटर भाग पुसून कोरडा करावा, काळ्या किंवा गडद हिरव्या परमनंट मार्करचे टोक त्यावर टेकवून दोरी सावकाश ओढावी आणि शाई पूर्ण वाळल्याशिवाय ती रीलवर गुंडाळू नये. मध्ये कोरी जागा सोडून पट्टे दिल्यास माशाला दोरी सलग रेषेसारखी दिसत नाही. मला तेच अधिक पटते. शाई लवकर उतरते, तेव्हा ती पुन्हा लावावी लागते.

कोकणातल्या गढूळ खाडीत जिताड्यासाठी एवढाही खटाटोप नको. निवळ पाण्यात मात्र रंगापेक्षा फ्लुरोकार्बनचा लीडर (दोरी आणि गळ यांच्यामध्ये जोडायचा पारदर्शक तुकडा) भरवशाचा, कारण ब्रेडेड लाइन अपारदर्शक असते, तर फ्लुरोकार्बनचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो याचे माप) सुमारे १.४२, म्हणजे पाण्याच्या १.३३ ला नायलॉनपेक्षा जवळचा असतो, म्हणून तो पाण्यात कमी उठून दिसतो. वरची पिवळी दोरी तशीच राहू द्यावी; दोरीची हालचाल आपल्याला तिच्यामुळेच दिसते.